मदत हवी आहे: मॉडेल विमानाच्या पंखावरची फिल्म उन्हात सैल पडते, रविवारी उडवायचंय

पंखवेडा
लवकर उत्तर हवंय. पंखाला कव्हरिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारी प्लास्टिकची फिल्म, आधीच लावलेलं होतं. परत इस्त्री फिरवली, रात्री बोटाने वाजवलं तर डफासारखं वाजत होतं. सकाळी मैदानावर नेलं आणि अर्ध्या तासात सुरकुत्या. घरी आणून पुन्हा इस्त्री, पुन्हा ताठ, पुन्हा उन्हात तेच. असं चार वेळा झालं. काल इस्त्री वाढवली तर डाव्या पंखाला दोन बोटं जाईल एवढं भोक पडलं. नेमकी किती गरम ठेवायची ते सांगा. सगळं काढून नवीन लावा असं कृपया सांगू नका. रोल संपलाय, वीतभर तुकडा उरलाय. रविवारी बाबा बघायला येणार आहेत.

सुतारपक्षी
फिल्म कुठली? इस्त्री कुठली? पंख केवढा? बाल्साचा, म्हणजे त्या हलक्या लाकडाचा, पूर्ण पत्रा लावलाय की उघड्या रिब (आडव्या फासळ्या) आहेत? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

पंखवेडा
फिल्म लाल आहे. इस्त्री घरातली. पंख नेहमीचा, ट्रेनरचा (शिकाऊ विमानाचा).

सुतारपक्षी
अहो, लाल हा रंग झाला. मोनोकोट, ओराकव्हर, की कुठली? मोनोकोटला जास्त उष्णता लागते, ओराकव्हर कमीत चिकटते. स्वस्तातल्या काही फिल्म पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. मोनोकोटसारख्या पॉलिएस्टर फिल्मच्या तापमानावर त्यांना इस्त्री लावली की भोकच पडतं.

पंखवेडा
दुकानदाराने कागदात गुंडाळून दिली, वर नाव नव्हतं. विचारलं तर "सगळे हीच नेतात" म्हणाला. पंख दीड मीटर, उघड्या रिब, पुढच्या भागावर दीड मिलिमीटरचा बाल्सा.

श्टुटगार्टकर
मी इथे ओराकव्हरच वापरतो. तिच्यात दोन पायऱ्या असतात हे आधी समजून घ्या. साधारण १०० अंशांना मागचा गोंद चिकटतो, १५० च्या आसपास फिल्म आकसते. आधी सगळ्या कडा कमी उष्णतेवर पक्क्या करायच्या, मग मधला भाग ताणायचा. वजन चौरस मीटरला साधारण ६० ग्रॅम, म्हणजे तुमच्या पंखाला दोन्ही बाजू मिळून चाळीसएक ग्रॅम. घरची इस्त्री सोडा, मॉडेलवाल्यांची छोटी इस्त्री घ्या.

जुना_ग्लायडर
आमच्या वेळी एनसीसीच्या एअर विंगमध्ये जपानी टिश्यू कागद आणि डोप (त्यावर लावायचं वार्निश) होतं. टिश्यू पाण्याने भिजवायचा, वाळला की ताणला जायचा, मग डोपचे तीन-चार हात. त्याने पंखाला पीळ सहन करायची ताकद यायची. ती या प्लास्टिकच्या फिल्मने तेवढी येत नाही. मला विचाराल तर फिल्म काढा आणि टिश्यू लावा.

कातळशिल्प
काका, आमच्याकडे रत्नागिरीत पावसाळ्यात डोप लावून बघा. हवेतला दमटपणा धरून पांढरं पडतं. दोन पंख मी असे घालवलेत. कोकणात फिल्मच बरी.

जुना_ग्लायडर
दमट दिवसात डोप लावायचंच नसतं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

खाकी_टेप
मी थर्माकोलच्या विमानांना पॅकिंगची खाकी टेप लावतो. पन्नास रुपयांत काम. इस्त्री अगदी कोमट.

सुतारपक्षी
त्यांचं विमान बाल्साचं आहे.

हिरवा_विभाग
उडवणार कुठे? २०२१ चे ड्रोन नियम वाचलेत का? २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांचा त्यात वेगळा उल्लेख आहे. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपलं मैदान हिरव्या विभागात आहे की पिवळ्या, ते आधी बघा. पुण्यात असाल तर लोहगावचा विमानतळ लक्षात ठेवा.

पंखवेडा
मैदान क्लबचं आहे, परवानगीचं ते बघतात. कृपया फिल्मबद्दल बोला.

कातळशिल्प
फिल्म कधी लावलीत?

पंखवेडा
जुलैमध्ये. का?

कातळशिल्प
मग सापडलं. भर पावसात लाकूड दमट होतं, आता ऑक्टोबरच्या उन्हात वाळून आकसलं आणि फिल्म सैल पडली.

सुतारपक्षी
अर्धंच पटतं. लाकूड तंतूंच्या रेषेला आडवं आकसतं, लांबीत नगण्य. रिबमधली रेषा पंखाच्या रुंदीत धावते, लांबीच्या पट्ट्यांची लांबीत. मग सांगाडा लहान होणार कुठून? पुढचा पत्रा थोडा हलेल, पण रोज ताणून रोज सैल पडण्याएवढा नाही.

पंखवेडा, एक करा. पंख उजेडात धरा आणि मागच्या कडेला खालून बघा. अशा बऱ्याच फिल्मचा रंग गोंदाच्या थरातही असतो. फिल्म मागे सरकली असेल तर आधी जिथे होती तिथे लाकडावर लाल रेघ उरलेली असेल. आहे का?

पंखवेडा
आहे! पूर्ण कडेने. रिब क्रमांक तीनपासून टोकापर्यंत काडेपेटीच्या काडीएवढी जाड. मला वाटलं कापताना रंग लागला.

सुतारपक्षी
मग फिल्म सैल पडत नाहीये, कड सुटून आत सरकतेय. उन्हात लाल पंख चांगलाच तापतो, अर्धवट चिकटलेला गोंद मऊ पडतो आणि ताणलेली फिल्म स्वतःच कड ओढून घेते. तुम्ही चार वेळा इस्त्री फिरवलीत, चारही वेळा ताण वाढवलात आणि कड आणखी सरकवलीत. उष्णता वाढवून हे बरं होणार नव्हतं. कड लावताना लाकूड पुसलं होतं का?

पंखवेडा
पॉलिश पेपर मारून फुंकर मारली होती. इस्त्री मोजूनच लावली, तापमान मोजायच्या इन्फ्रारेड बंदुकीवर ७० दाखवत होती म्हणून वाढवत गेलो.

श्टुटगार्टकर
चकचकीत धातूवर ती बंदूक फार कमी आकडा दाखवते. इस्त्रीच्या तळाला मास्किंग टेपचा छोटा तुकडा लावा आणि त्याच्यावर मोजा. भोक पडलं तेव्हा तुमची इस्त्री ७० च्या कितीतरी वर असणार.

पंखवेडा
टेप लावून मोजलं. १८५.

सुतारपक्षी
झालं तर. आता असं करा. उरलेल्या तुकड्यातून बारीक पट्टी कापून भंगार बाल्सावर लावून बघा. इस्त्री ९० पासून सुरू करून पाच-पाच अंशांनी वाढवा. जिथे सोलताना लाकडाचे तंतू फिल्मबरोबर उपटून येतात, तो तुमच्या फिल्मचा चिकटायचा आकडा. नाव माहीत नसलं तरी चालतं.

मग मागची कड सरकलेल्या जागी सोडवा, उघडं लाकूड किंचित ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. धुळीवर चिकटलेली फिल्म धुळीलाच चिकटते, लाकडाला नाही. वीतभर तुकड्यातून एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा आणि कडेवरून वरून खाली गुंडाळून लावा. एका पट्टीची लांबी पुरणार नाही, जोडाला बोटभर एकावर एक चढवा. इस्त्री उचलली की लगेच सुती फडक्याने दाबून गार होईपर्यंत धरा. गरम असताना हात काढला की पुन्हा सरकते. इस्त्रीला जुना सुती मोजा चढवा, ओरखडे येणार नाहीत.

कातळशिल्प
आणि रिबना हवा जायला भोकं आहेत का? बंद कप्प्यात हवा तापली की फिल्म फुग्यासारखी वर येते आणि तशीच ताणली जाते. नसतील तर खालच्या बाजूने प्रत्येक कप्प्यात टाचणीचं एक भोक पाडा.

पंखवेडा
भोकं नाहीत. फुगत होतं खरं, मला वाटलं आकसायच्या आधी असंच होतं.

जुना_ग्लायडर
भोकावरचं ठिगळ गोल कापा. चौकोनाचे कोपरे सुटतात. हे टिश्यूलाही लागू होतं.

(शनिवारी रात्री)

पंखवेडा
माझी फिल्म १०५ ला धरते. दोन्ही पंखांच्या मागच्या कडा पट्ट्यांनी पुन्हा लावल्या, टाचणीची भोकं पाडली, मग १४५ वर मधला भाग. दुपारी गच्चीत दोन तास उन्हात ठेवला. उजवा अजून ताठ आहे, कडेला लाल रेघ नाही. डाव्याचं टोक मात्र पिळलंय, सपाट टेबलावर ठेवलं की मागची कड पेन्सिलभर वर राहते. खोलून काढावं लागेल का?

सुतारपक्षी
नाही. एकाने पंख उलट्या दिशेने, लागतो त्याच्या थोडा जास्त पिळून धरायचा. दुसऱ्याने वर-खाली दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवायची. पूर्ण गार होईपर्यंत सोडायचं नाही. मग उजव्याशी ताडून बघा. दोन्ही टोकांच्या मागच्या कडा सारख्याच किंचित वर असतील तर तसंच राहू द्या, हळू उडताना पंखाचं टोक आधी पडत नाही.

पंखवेडा
बाबा जागे आहेत. त्यांना धरायला बोलावतो.