मदत हवी आहे : 'फिरते वाचनालय' – ट्रॅव्हलिंग, सर्क्युलेटिंग की मोबाइल?

नमस्कार. मी बडोद्यात दांडिया बाजार भागात राहतो. सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालय चळवळीवर आम्ही काही वाचक मिळून एक लहानसे प्रदर्शन भरवत आहोत आणि त्यातील मराठी फलकांचा इंग्रजी अनुवाद माझ्याकडे आला आहे. नोकरीत इंग्रजी पुष्कळ लिहिले, परंतु ते कचेरीतल्या पत्रांपुरते. जवळजवळ एकाच अर्थाच्या शब्दांतून नेमका शब्द निवडण्याची वेळ आली की हात अडतो.

मुख्य अडचण 'फिरते वाचनालय' या शब्दांची आहे. महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बडोद्यात आणले, आणि पुढे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव जाऊ लागल्या. पेटी गावात यायची, लोक पुस्तके वाचायचे, मग ती परत जायची. मराठीत 'फिरते' म्हटले की एवढे सगळे त्यात येते. शब्दकोशात मात्र वरच्या तिन्ही इंग्रजी शब्दांपुढे 'फिरता' हाच अर्थ आढळतो.

माझी समजूत अशी आहे की, 'सर्क्युलेटिंग लायब्ररी' म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये वर्गणी भरून पुस्तके घरी नेण्याची सोय. तेथे पुस्तक फिरते, वाचनालय जागचे हलत नाही. म्हणून तो शब्द मी बाजूला ठेवला. 'मोबाइल लायब्ररी' म्हटले की पुस्तकांची मोटारगाडी डोळ्यांसमोर येते, आणि माझ्या भाचीने तर मसुदा वाचताच विचारले, "मामा, फोनवर वाचायची पुस्तकं का?" तिचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला, कारण प्रदर्शनाला येणारी बहुतेक मुले तिच्याच वयाची असतील.

राहिला 'ट्रॅव्हलिंग'. न्यूयॉर्क राज्याने १८९३ पासून अशाच पेट्या पाठवण्यास सुरुवात केली तेव्हा त्यांना हेच नाव होते, त्यामुळे इतिहासाच्या दृष्टीने तो मला सर्वांत जवळचा वाटतो. परंतु जुन्या काळी प्रवासात सोबत नेण्याच्या खासगी पुस्तकपेटीलाही इंग्रजीत हेच म्हणत. आजच्या इंग्रजी वाचकाला फलकावर हा शब्द दिसल्यावर गावोगाव जाणारी सार्वजनिक पेटी सुचेल, की कोणा प्रवाशाचे सामान? शिवाय ब्रिटिश वळणाने त्यात दोन 'एल' येतात आणि अमेरिकी वळणाने एक. योजना अमेरिकी ग्रंथपालाची, संस्थान ब्रिटिश अमलाखालचे. मग फलकावर कोणते वळण ठेवावे?

दुसरी शंका 'ऐतिहासिक' या शब्दाची. महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्या निर्णयाला मी 'हिस्टॉरिक' म्हटले, कारण त्याने इतिहास घडवला. जुन्या कागदपत्रांना 'हिस्टॉरिकल', कारण ती केवळ इतिहासाशी संबंधित आहेत. परंतु 'ऐतिहासिक वास्तू' म्हणताना हा नियम डळमळतो. प्रत्येक जुन्या वास्तूने काही इतिहास घडवलेला नसतो, तरीही इंग्रजीत 'हिस्टॉरिक बिल्डिंग' असेच वाचनात येते. वास्तूच्या बाबतीत जुनेपण आणि जतन करण्याजोगे मोल एवढेच पुरेसे असते का? 'सक्तीचे' यासाठी 'कंपल्सरी' घेतला आहे. शिक्षणाच्या कायद्यांत तोच रुळलेला असल्याने त्याविषयी शंका नाही.

इंग्रजीचे अध्यापन किंवा अनुवाद करणाऱ्यांनी, शक्य असल्यास पूर्ण वाक्यांची उदाहरणे देऊन, आपले मत कळवावे ही विनंती. फलक पुढच्या आठवड्यात छपाईला जाणार आहेत.