पायथनमध्ये लॅम्डा की डेफ? हळदीच्या पट्टीवरून पडलेला प्रश्न

विश्रामबागकर: सांगलीच्या मार्केट यार्डात मामाची हळदीची अडत आहे. त्याच्यासाठी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला. टीकेइंटरची (पायथनमधली खिडक्या-बटणं बनवायची सोय) खिडकी, प्रत्येक शेतकऱ्याच्या नावाचं बटण, दाबलं की त्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशोब) तयार. बटणं फॉर लूपमध्ये (एकेका नावासाठी तेच काम पुन्हा करणारा कोड) केली आणि कमांडला, म्हणजे बटण दाबल्यावर काय चालवायचं त्या जागी, लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) दिला. झालं काय, कुठलंही बटण दाबा, पट्टी निघायची शेवटच्या शेतकऱ्याचीच! दोन रात्री गेल्या तेव्हा कारण सापडलं. लॅम्डा व्हेरिएबलचं (इथे 'शेतकरी') नाव धरून बसतो, त्यातली त्या क्षणाची किंमत (म्हणजे मूल्य, पैसे नव्हे) नाही. बटण दाबेपर्यंत लूप संपलेला असतो. पैशाच्या हिशोबात असं चालत नाही. माझं मत स्पष्ट आहे: नवशिक्यानं लॅम्डाला हातच लावू नये, डेफ (नाव दिलेलं फंक्शन) लिहावं.

मिरजेची ताई: दादा, यात लॅम्डाचा दोष नाही. त्याच लूपमध्ये डेफ लिहून बघा, तीच पट्टी निघेल. नावाची किंमत फंक्शन चालताना शोधली जाते, मग फंक्शनला नाव असो वा नसो. उपाय एवढाच: लॅम्डा शेतकरी=शेतकरी असा लिहा. अशी आधीच भरून ठेवलेली (डीफॉल्ट) किंमत फंक्शन बनतानाच पक्की होते. (कमांडऐवजी बाइंड ही फंक्शन जोडायची दुसरी पद्धत वापरलीत तर मात्र पहिल्या जागी इव्हेंट, म्हणजे क्लिकची माहिती, येतो, तो तुमची किंमत पुसून टाकेल.) आणि पट्ट्या दरानुसार लावायच्या तर सॉर्टेडला (क्रम लावणारं फंक्शन) 'की' (key, कशावरून क्रम लावायचा ते) म्हणून लॅम्डा देणं सगळ्यात स्वच्छ. एका ओळीच्या कामासाठी फाइलभर डेफ शोधत कोण हिंडणार?

इस्लामपूरचा मास्तर: सॉर्टेडचं मान्य. पण पोरं लॅम्डा व्हेरिएबलमध्ये ठेवतात आणि दहा ठिकाणी वापरतात, ते मला खटकतं. पेप ८ मध्येही (पायथन कसं लिहावं याचे शैलीनियम) सांगितलंय की नावच द्यायचं तर डेफ लिहा. एरर आली की ट्रेसबॅकमध्ये (चूक कुठे झाली ते दाखवणारा मजकूर) नुसतं 'लॅम्डा' दिसतं, फाइलमधल्या लॅम्डांपैकी कुठला ते ओळ नंबरावरून हुडकायचं. खुद्द पायथनचे जनक गीदो व्हान रॉसम यांनी २००५ साली पायथन ३ मधून लॅम्डा काढून टाकायचा विचार मांडला होता. शेवटी तो राहिला.

मिरजेची ताई: सर, राहिला, कारण लोकांना तो लागत होता. त्यात एकच एक्स्प्रेशन (किंमत देणारी एक मांडणी) मावतं, हीच त्याची शिस्त आहे.

विश्रामबागकर: ताई, काल रात्री डेफ घालून बघितलं. तुमचं खरं आहे, तोच घोळ. तेवढा शब्द मागे घेतो. तरी 'शेतकरी=शेतकरी' हे मला पटत नाही. सहा महिन्यांनी दुसरा कोणी ते फालतू समजून खोडेल आणि पट्ट्या पुन्हा चुकतील. मी लूपच्या बाहेर पट्टीबटण नावाचं डेफ केलंय, त्याला शेतकरी पाठवतो. प्रत्येक कॉलला स्वतंत्र किंमत मिळते.

मिरजेची ताई: त्या डेफच्या आत कमांडला काय दिलंय?

विश्रामबागकर: लॅम्डाच. पण आता तो योग्य शेतकऱ्याला धरून आहे.