पारव्याची ऊ माणसाला लागत नाही

पारव्यांच्या उवा मुलांच्या केसांत शिरतील, या भीतीने बाल्कनीत रोज फवारणी करू नका. आपल्या डोक्यातली ऊ रक्त पिते. पारव्याची ऊ पिसांचा मऊ भाग कुरतडून जगते आणि पक्ष्यापासून सुटली की थोड्याच दिवसांत मरते.

कोथरूडला आमच्या डक्टमध्ये पडलेलं पंखाचं पीस उन्हात धरून बघितलं. दोन तंतूंच्या मधल्या खाचेत तिळाहून बारीक, राखाडी रेघ. टाचणीने डिवचली तर सरकली! पंखातल्या या उवा अशाच सडपातळ असतात, खाचेत लपल्या की चोचीला सहज सापडत नाहीत. पारव्याच्या वरच्या चोचीचं टोक खालच्या चोचीपुढे जेमतेम एक-दोन मिलिमीटर येतं, ऊ चिरडायला तेच लागतं. संशोधकांनी ते टोक छाटून पाहिलं, तर उवा भराभर वाढल्या.

पारव्यांच्या घरट्यामुळे घरात काही चावत असेल तर बहुतेक ते घरट्यातले रक्त पिणारे माइट्स (कोळ्याच्या जातकुळीतले अगदी बारीक जीव) असतात. पिल्लं उडून गेली की मास्क लावून, विष्ठा ओली करून घरटं काढा. पिल्लं असताना मात्र हात लावू नका, प्लीज.