जुन्या गाडीच्या हीटरचा ब्लोअर आवाज करतो : दुरुस्त करावा की बदलावा?

प्रश्न

नमस्कार. माझी गाडी जवळपास वीस वर्षांची आहे. इंजिन, गिअर आणि ब्रेक यांबद्दल काहीच तक्रार नाही, परंतु हीटरचा ब्लोअर (हवा फेकणारा पंखा आणि त्याची मोटर) काही महिन्यांपासून फार आवाज करू लागला आहे. थंडीत सकाळी ब्लोअर पहिल्या किंवा दुसऱ्या स्पीडवर लावला की डॅशबोर्डच्या आतून बारीक, चिरका आवाज येतो आणि गाडी थोडी तापली की तो हळूहळू विरतो. तिसऱ्या आणि चौथ्या स्पीडवर चिरका आवाज ऐकू येत नाही, पण ग्लव्ह बॉक्सवर हात ठेवला तर थरथर स्पष्ट जाणवते. आणखी एक गोष्ट लक्षात आली आहे : एका बाजूला वळण घेताना हा आवाज क्षणभर थांबतो आणि गाडी सरळ झाली की पुन्हा सुरू होतो.

एका मेकॅनिकने गाडी न उघडताच संपूर्ण ब्लोअर बदलण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्याच्या मते नळीतून तेलाचा स्प्रे मारला की काम भागेल. या गाडीत केबिन फिल्टर नाही. साधी हत्यारे माझ्याकडे आहेत आणि शांतपणे बसून काम करण्याची तयारीही आहे. मोटर दुरुस्त करण्यात अर्थ आहे का, की सरळ नवी बसवावी? शिवाय खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कशात आहे, याची खात्री कशी करावी?

पहिला प्रतिसाद

आपण लक्षणे इतक्या नेमकेपणाने लिहिली आहेत की अर्धे निदान त्यातच झाले आहे, तरीही काही विकत घेण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करावे, खिडक्या बंद कराव्यात आणि ब्लोअरचा स्पीड एकेक पायरीने वाढवावा. आवाज स्पीडबरोबर बदलत असेल तर दोष ब्लोअरमध्येच आहे. इंजिन चालू केल्यावर ब्लोअर बंद असूनही आवाज येत असेल आणि इंजिनाच्या वेगाप्रमाणे चढत-उतरत असेल, तर तो पट्ट्याचा किंवा अल्टरनेटरचा असण्याची शक्यता अधिक. हवेची दिशा किंवा तापमान बदलताना टकटक होत असेल, तर आतली झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे प्लॅस्टिकचे गिअर झिजलेले असतात आणि त्याचा ब्लोअरशी काहीही संबंध नसतो. पाणी खळखळल्यासारखा आवाज हा हीटरच्या रेडिएटरमध्ये हवा अडकल्याचा असतो. या साऱ्या आवाजांसाठी ब्लोअर बदलून झालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, म्हणून हे इतक्या आग्रहाने सांगत आहे.

आता आपल्या गाडीविषयी. थंडीत येणारा आणि गरम झाल्यावर जाणारा चिरका आवाज हे बुश कोरडे पडल्याचे ठळक लक्षण आहे. अशा बहुतेक मोटरींत शाफ्ट (मोटरचा फिरणारा दांडा) ज्या बुशमध्ये फिरतो तो तेल मुरवलेल्या सच्छिद्र धातूचा असतो. मोटर तापली की छिद्रांतले तेल पृष्ठभागावर येते आणि थंड झाली की पुन्हा आत शोषले जाते. वर्षानुवर्षांच्या वापराने हे तेल संपते, उरलेले घट्ट होते आणि थंडीत धातूवर धातू घासू लागतो. वळणावर आवाज थांबणे मात्र त्याहून पुढची गोष्ट सांगते. वळताना पंख्याचे वजन एका बाजूला झुकते आणि शाफ्ट बुशच्या दुसऱ्या कडेला टेकतो, म्हणजेच शाफ्ट आणि बुश यांच्यामध्ये प्ले (झिजेमुळे पडलेली सैल फट) आलेला असावा. प्ले असेल तर तेलाने आवाज काही काळ दबेल, पण झिजलेला धातू काही परत येणार नाही.

थरथरीची कारणे मात्र वेगळीही असू शकतात. हा पंखा पिंजऱ्यासारखा गोल, अनेक बारीक पात्यांचा असतो, आणि केबिन फिल्टर नसलेल्या गाडीत वायपरखालच्या जाळीतून आलेली पाने, काड्या, बिया थेट त्याच्यावर येऊन पडतात. पात्यांमध्ये एका बाजूला कचरा साचला किंवा एखादे पाते तुटले की समतोल जातो आणि वरच्या स्पीडवर डॅशबोर्ड हलू लागतो. त्यामुळे मोटर बाहेर काढून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. बहुतेक गाड्यांत ती ग्लव्ह बॉक्सच्या खाली किंवा मागे असते : कनेक्टरची खाच दाबून तो सोडवायचा, सहसा तीन स्क्रू असतात ते काढायचे आणि मोटर पंख्यासह खाली उतरवायची. काही गाड्यांत मात्र पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून आधी आपल्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल पाहावे. हीटरचा पूर्ण डबाच बाहेर काढावा लागत असेल तर कूलंट काढावे लागते आणि एसीचा गॅसही यंत्राने काढून घ्यावा लागतो; ते काम घरी करू नये.

मोटर हातात आल्यावर पंखा बोटाने सावकाश फिरवावा. तो न अडखळता फिरून हळूहळू थांबायला हवा. मग शाफ्टचे टोक धरून आडवे हलवून पाहावे. जरासेही लटपटले तर बुश गेला आहे असे समजावे. पंखा साफ करताना एक काळजी घ्यावी : एखाद्या पात्यावर धातूची इवलीशी क्लिप बसवलेली दिसली तर ती कचरा समजून काढू नये, कारण समतोल साधण्यासाठी ती कारखान्यातच लावलेली असते.

दुसरा प्रतिसाद

वरील निदानाशी मी सहमत आहे; तेलाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण या बाबतीत चुकीचे सल्ले फार दिले जातात. गंज सोडवणारे पातळ स्प्रे बुशमध्ये मारले की आवाज लगेच थांबतो आणि काम झाले असे वाटते, परंतु त्यातला द्रव बुशमध्ये उरलेले मूळ तेलही धुऊन नेतो आणि स्वतः उडून जातो, त्यामुळे काही काळाने आवाज पूर्वीपेक्षा वाढतो. नळीने मारलेला स्प्रे कार्बन ब्रश आणि कॉम्युटेटरवर (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे आणि ते ज्यावर घासतात ते तांब्याचे कडे) गेला तर कार्बनची भुकटी त्यात मिसळून चिखल होतो, ठिणग्या वाढतात आणि मोटर लवकर जाते. स्प्रेची शिफारस करणाऱ्या मेकॅनिकचे म्हणणे म्हणूनच मानू नये.

शाफ्टमध्ये प्ले नसेल आणि बुश केवळ कोरडा असेल, तर शिलाई मशीनचे किंवा विजेच्या मोटरीसाठीचे पातळ तेल घ्यावे, पंखा काढून शाफ्ट बुशमध्ये शिरतो त्या जागी एक-दोन थेंब सोडावेत, शाफ्ट हाताने बराच वेळ फिरवावा आणि बाहेर आलेले तेल पुसून घ्यावे. ग्रीस वापरू नये. ते त्या छिद्रांत शिरत नाही. अडचण अशी की दुसरा बुश मोटरच्या बंद टोकाकडे, बहुधा कॉम्युटेटरच्या बाजूला असतो आणि तिथे तेल पोहोचवणे कठीण असते. त्यासाठी काही जण मोटरच्या झाकणाला छिद्र पाडतात. मी ते सुचवणार नाही, कारण धातूचा कीस आतल्या चुंबकाला चिकटतो आणि आर्मेचरमध्ये (मोटरच्या आत फिरणाऱ्या भागात) अडकतो. कडा दाबून बंद केलेले मोटरचे कवच उघडले तर ते पूर्वीसारखे सरळ बसेलच याचीही खात्री नसते.

तिसरा प्रतिसाद

कृपया काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. ग्लव्ह बॉक्सच्या वर एअरबॅग असेल, तर मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबूनच आत हात घालावा आणि पिवळ्या रंगाचे कनेक्टर व तारा अजिबात हलवू नयेत. जुन्या रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवावा.

चौथा प्रतिसाद

मी गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो, त्यामुळे विजेच्या बाजूकडे लक्ष वेधू इच्छितो. बुश जड झालेली मोटर फिरण्यासाठी जास्त करंट ओढते, आणि त्याचा फटका मोटरआधी इतर भागांना बसतो. साध्या चार स्पीडच्या व्यवस्थेत खालचे स्पीड रेझिस्टरमधून (वीज अडवून मोटरचा वेग कमी करणाऱ्या भागातून) मिळतात आणि सर्वांत वरच्या स्पीडला रेझिस्टर वगळून थेट वीज मिळते. म्हणूनच ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवर चालत असेल तर रेझिस्टर जळालेला असतो. हा रेझिस्टर हवेच्या मार्गातच बसवलेला असतो, कारण त्याला थंड ठेवण्याचे काम ब्लोअरचीच हवा करते. मोटर मंद फिरली की करंट वाढतो आणि हवा कमी होते, म्हणजे दोन्हीकडून त्याचे नुकसान होते. केवळ रेझिस्टर बदलून जड मोटर तशीच ठेवली, तर नवा रेझिस्टरही फार काळ टिकत नाही.

आपले सर्व स्पीड अजून चालू आहेत ही चांगली गोष्ट आहे. मोटर काढाल तेव्हा मोटरचा आणि रेझिस्टरचा असे दोन्ही कनेक्टर निरखून पाहावेत. प्लॅस्टिक तपकिरी झालेले, वितळलेले किंवा पिन काळवंडलेली असेल, तर तो कनेक्टर योग्य जाडीच्या तारेसह बदलावा. शक्य असल्यास डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावून वरच्या स्पीडचा करंट पाहावा. वरच्या स्पीडला साधारण 15 ते 25 अँपिअर करंट बहुतेक गाड्यांत अपेक्षित असतो. फ्यूजच्या आकड्याच्या अगदी जवळ करंट जात असेल तर मोटर थकली आहे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याजागी मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालणे हे आग लावण्याचे काम आहे आणि कोणीही सुचवले तरी ते करू नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे बॅटरी सोडवून मोटर काढली. पात्यांमध्ये वाळलेल्या पानांचे तुकडे आणि बारीक माती घट्ट बसलेली होती. ती मऊ ब्रशने काढली, क्लिप जागच्या जागी ठेवली. पाते एकही तुटलेले नाही. शाफ्ट मात्र आडवा हलवला की स्पष्टपणे लटपटतो आणि फिरवताना एका जागी खरखरतो. मोटरच्या खालच्या कवचावर गंजाचे तांबूस ओघळ दिसतात, म्हणजे पाणी कुठून तरी आत येत असावे. मोटरच्या कनेक्टरची एक पिनही थोडी काळवंडली आहे. या स्थितीत नवी मोटर घ्यावी असे मला वाटते. ती मूळ कंपनीचीच घ्यावी का, जुन्या गाडीतून काढलेली चालेल का, आणि पाण्याचे काय करावे?

पहिला प्रतिसाद देणारा, पुन्हा

शाफ्ट खरखरतो आणि लटपटतो आहे, तेव्हा नवी मोटर घेण्याचा आपला निर्णय योग्य आहे. भंगारातून काढलेली मोटर मी अशा वेळी घेणार नाही, कारण तिचा बुशही तेवढाच जुना असणार आणि आपली मेहनत तीच राहणार. नव्या भागाला दुसरा पर्यायच नसेल, तरच जुनी मोटर हाताने फिरवून, शाफ्ट हलवून आणि शक्य असल्यास मध्ये फ्यूज घालून 12 व्होल्टवर चालवून पाहून घ्यावी. मूळ कंपनीचा भाग मिळत असेल तर तो उत्तमच. न मिळाल्यास नावाजलेल्या उत्पादकाची मोटर चालेल, पण ती पंख्यासह जोडलेली घ्यावी. मोटर आणि पंखा यांचा समतोल कारखान्यात एकत्र साधलेला असतो, आणि नुसती मोटर घेऊन जुना पंखा ठोकून बसवला तर थरथर पुन्हा सुरू होण्याचा धोका असतो.

खरेदीपूर्वी जुनी मोटर शेजारी ठेवून पंख्याचा व्यास व उंची, स्क्रूच्या छिद्रांच्या जागा, कनेक्टरच्या पिनांची मांडणी आणि फिरण्याची दिशा जुळवून पाहावी. दिशा विशेष महत्त्वाची आहे. असा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूने बाहेर येते, फक्त पुष्कळ कमी येते, त्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही आणि दोष भलतीकडेच शोधला जातो. मोटरला एक छोटी रबरी नळी जोडलेली असेल तर ती अवश्य परत लावावी. ती मोटरला थंड हवा पुरवते आणि ती नसेल तर नवी मोटर तापून लवकर खराब होते.

पाण्याचा प्रश्न मोटर बसवण्याआधी सोडवावा, नाहीतर नव्या मोटरीवरही तसेच ओघळ दिसतील. वायपरखालची जाळी उघडून तिथला कचरा काढावा, दोन्ही टोकांची पाणी निचऱ्याची छिद्रे मोकळी करावीत, मग तिथे हळूहळू पाणी ओतून ते गाडीखाली पडते की आत येते हे मोटरच्या रिकाम्या जागेतून टॉर्चने पाहावे. एसी असेल तर त्याच्या पाण्याची नळी तुंबली आहे का हेही पाहावे, कारण ती तुंबली की पाणी डब्यात साचते. आतले पाणी चिकट असेल, त्याला गोडसर वास येत असेल आणि काचेवर तेलकट धुके धरत असेल, तर हीटरचा रेडिएटर गळतो आहे आणि ते काम आधी करावे लागेल. हवा आत घेणाऱ्या तोंडावर बारीक जाळी बसवता आली तर पाने अडतील; मात्र ती इतकी दाट नसावी की हवाच अडेल, आणि ती अधूनमधून झाडता येईल अशा जागी असावी.

काळवंडलेली पिन घासून वापरू नये, कनेक्टरच बदलावा. सर्व जोडल्यावर ग्लव्ह बॉक्स लावण्यापूर्वी प्रत्येक स्पीड काही मिनिटे चालवावा, कनेक्टरला हात लावून तो तापतो का हे पाहावे आणि समोरच्या काचेवर पुरेशी हवा येते का तेही तपासावे, कारण पावसात आणि थंडीत काचेवरचे धुके याच हवेने निघते. तोपर्यंत जुनी मोटर टाकून देऊ नये. नव्या मोटरबरोबर खालचा फोमचा पट्टा किंवा ती रबरी नळी आली नाही, तर ती जुनीवरूनच काढून घ्यावी लागेल.