मदत हवी आहे: फ्लोरिडातला काँडो बँकेच्या नावे करून द्यावा का?

नमस्कार मंडळी,
टॅम्पाजवळ आमचा दोन बेडरूमचा काँडो (मालकीचा फ्लॅट) आहे. 2021 मध्ये मायामीजवळच्या सर्फसाइडमधली काँडो इमारत कोसळल्यावर फ्लोरिडाने तीन मजली आणि त्याहून उंच जुन्या काँडो इमारतींची तपासणी व दुरुस्तीचा राखीव निधी सक्तीचा केला. कायदा योग्यच आहे, माणसं गेली होती. पण आमचा मेंटेनन्स जवळपास दुप्पट झाला, वर 38 हजार डॉलरची स्पेशल असेसमेंट, म्हणजे जादा वर्गणी. त्यातच मार्चमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. तीन हप्ते थकलेत आणि विकायला काढला तर कर्जही फिटत नाही.

बँक म्हणते, फोरक्लोजर (थकलेल्या कर्जापायी जप्ती) टाळायचं तर 'डीड इन ल्यू' करा, म्हणजे मालकी आपणहून त्यांच्या नावे करून द्या. कुणी केलंय का हे? मला खरी भीती काँडो देऊनही न फिटलेल्या कर्जाच्या रकमेची वाटते. फ्लोरिडात बँक त्यासाठी मागाहून कोर्टात जाऊ शकते, त्यामुळे 'बाकी माफ' हे करारात स्पष्ट लिहून घेतल्याशिवाय सही करायची नाही, एवढं ठरवलंय. पण माफ झालेली रक्कम 1099-सी या टॅक्सच्या फॉर्मवर उत्पन्न म्हणून येते. मालमत्तेपेक्षा देणी जास्त असल्याचं दाखवून, फॉर्म 982 भरून कुणाला त्यावरच्या टॅक्समधून सूट मिळाली का? त्यात सांगलीकडच्या वडिलोपार्जित जमिनीतला माझा हिस्साही धरतात का? आणि असोसिएशनची (इमारतीच्या सोसायटीची) थकबाकी आधी भरावीच लागते का?

टॅम्पा-ऑरलँडोकडे अशी प्रकरणं हाताळणारा वकील माहीत असेल तर कृपया मेसेज करा. आईबाबांना अजून काही सांगितलेलं नाही.