‘गोव्यात गरीब उरलेच किती?’ या पोस्टला उत्तर

चिरेबंदी
चार गटांतून फिरलेली ती पोस्ट काल इथेही डकवली गेली: ‘नीती आयोगानुसार गोव्यात गरीब ०.८४ टक्के. मग जपानची कर्ज देणारी संस्था जायका, जागतिक बँक हवीत कशाला? तेच पैसे खात्यांत टाका, लोक आपले बघून घेतील.’

०.८४ हा आकडा बहुआयामी गरिबी निर्देशांकाचा, २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीवरून काढलेला. त्यात बारा निकष आहेत. स्वच्छतेच्या निकषात घरचा स्वतंत्र संडास सेप्टिक टँकला जोडलेला असला की काम झाले. टँकमधले पाणी पुढे कुठे मुरते, हे तो निकष विचारत नाही. आपल्याकडे ते चिऱ्यात, म्हणजे जांभ्या दगडात मुरते, आणि चिरा म्हणजे दगडाचा स्पंज. शोषखड्डा आणि विहीर यांत १८ मीटर अंतर हवे असे मानक सांगते. वाड्यावरच्या दाट घरांत एवढी जागा कुणाकडे आहे? भाटकाराकडे, जमीनमालकाकडे. म्हणजे विषमता विहिरीच्या पाण्यातही उतरते, पण निर्देशांकात दिसत नाही.

आणि गृहिणींना दरमहा मिळणाऱ्या ‘गृह आधार’च्या दीड हजारांत कुणी मलनिस्सारण वाहिनी विकत आणून दाखवा. हजार घरांनी पैसे साठवले तरी हजार वाहिन्या होत नाहीत. ती एकच लागते आणि सगळ्यांची मिळून लागते.

तिरकस तिसवाडकर
व्याख्यान छान, आता हिशेब. २००७ मध्ये गोव्यातल्या पाणी आणि मलनिस्सारणासाठी जायकाकडून २,२८० कोटी येन कर्ज घेतले. स्वस्त व्याज म्हणून टाळ्या पडल्या. पण बाराव्या वित्त आयोगानंतर, एप्रिल २००५ पासून, केंद्र परकीय कर्ज जसेच्या तसे राज्याच्या गळ्यात घालते आणि विनिमयाचा फटका राज्याचा. २००७ मध्ये येन ३४-३५ पैशांना होता, २०१२ मध्ये ६५ च्या वर. मुद्दल जवळजवळ दुप्पट! व्याजात वाचवले ते येनने नेले.

चिरेबंदी
तिसवाडकरबाब, सगळे येन २००७ मध्ये पोत्यात भरून आणले होते काय? काम होईल, बिल निघेल, तसतशी उचल होते. ६० पैशांच्या येनला उचललेल्या पैशाचे तेव्हा ६० पैसेच मिळाले. तोटा फक्त सुरुवातीच्या उचलीवर, आणि सुरुवातीची वर्षे सल्लागार नेमण्यात नि निविदांतच गेली.

तिरकस तिसवाडकर
बरे, ‘दुप्पट’ मागे घेतो. सल्लागारांचे नाव तुम्हीच काढलेत ते बरे झाले. लुई बर्जर या अमेरिकी सल्लागार कंपनीने जुलै २०१५ मध्ये अमेरिकेत लाच दिल्याचे कबूल केले आणि १ कोटी ७१ लाख डॉलर दंड भरला. त्यात गोव्याचा हाच प्रकल्प होता. तो दंड अमेरिकेच्या तिजोरीत गेला. कर्ज आपले, खणलेले रस्ते आपले, दंड त्यांचा. याला आंतरराष्ट्रीय विकास म्हणायचे!

कुळागर
दोघेही पाइपातच अडकलात. रोख रकमेला हसण्याआधी केनियाचा सिआया परगणा बघा. ६५३ गावे, साडेदहा हजारांवर गरीब कुटुंबे, प्रत्येकाला साधारण १,००० डॉलर, अट काही नाही. एका डॉलरमागे स्थानिक उलाढाल अडीचपट झाली आणि भाव वाढले जेमतेम ०.१ टक्का. ज्यांना पैसे मिळाले नाहीत, त्यांचाही खर्च वाढला. मध्ये ना सल्लागार, ना येन.

चिरेबंदी
भाव का वाढले नाहीत तेही सांगा की. तिथे दुकाने बराच वेळ रिकामी, गिरण्या गिऱ्हाइकाची वाट बघत, हात मोकळे. मागणी आली तशी तीच साधने जास्त चालली. कळंगुट-कांदोळीत कुठली खोली रिकामी आहे? तिथे महिना दोन हजार जास्त वाटा, घरमालक पुढच्या करारात भाडे दोन हजारांनी वाढवील.

कुळागर
म्हणजे गरिबाच्या हातात पैसा दिला की तो घरमालकाचा होतो, आणि ठेकेदाराला दिला की विकास होतो. धन्य!

खाजनबांध
भांडा खुशाल, पण पाइप घातले म्हणजे काम झाले हे कोण म्हणाले? वाहिनी रस्त्यात पडलेली, चेंबर दारात, आणि घर अजून जुन्याच टँकवर. अशी घरे मोजा. १०० मिमी पाइपाला १:६० उतार धरतात. आपल्या घरांत संडास मागे, रस्ता पुढे. २४ मीटरचा फेरा धरला तर ४० सेंटिमीटर उतार केवळ अंतरातच खर्च. वर दर डांबरीकरणाला रस्ता उंच, घर होते तिथेच. पाइप चेंबरच्या तळाखाली पोचतो, मग एक तर पंप लावा, नाही तर उतार चोरा. उतार चोरला की पाणी पुढे जाते, मळ मागे राहतो.

त्यात मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर असलेला, असेल तर संपलेच. पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेण्याचा हक्क कायद्याने दिला, पण मामलेदाराचा खरेदी हुकूम हातात नसेल, तर अंगणात कुदळ मारली की भाटकाराची नोटीस.

तिरकस तिसवाडकर
आणि जोडतात तेव्हा पागोळीचा पाइपही त्याच चेंबरमध्ये सोडतात!

खाजनबांध
तेच तर. पाच माणसांचे घर, माणशी १३५ लिटर, त्यातले ८० टक्के सांडपाणी: दिवसाला ५४० लिटर. १०० चौरस मीटरच्या छपरावर तासात ५० मिमी पाऊस पडला की ५,००० लिटर. एका तासात नऊ दिवसांचे पाणी. मग जुलैत खालच्या घराच्या न्हाणीतून वर येते आणि लोक म्हणतात, जपान्यांचा पाइप वाईट.

चिरेबंदी
पागोळी वेगळी काढायला पंचायतीने सांगायचे. कर्ज देणाऱ्याने प्रत्येक छपरावर चढायचे का?

खाजनबांध
चढू नये, मोजावे. साळावली धरणावरचा दिवसाला दहा कोटी लिटरचा (१०० एमएलडी) पाणी शुद्धीकरण प्रकल्प मोजता येतो, पाइपाचे किलोमीटर मोजता येतात, म्हणून अहवालात तेच येतात. जोडलेली घरे मोजून हप्ता सोडला असता, तर अंगणातल्या वीस मीटरचा खर्च प्रकल्पातच धरावा लागला असता. तो कुटुंबावर टाकला. ज्याला परवडले त्याने जोडले, आणि आता सेप्टिक टँक उपसणाऱ्या टँकरचे बिल कोण भरतो? ज्याला परवडले नाही तोच.

कुळागर
म्हणजे शेवटच्या वीस मीटरसाठी रोखच लागते. धन्यवाद, मी हेच म्हणत होतो.

चिरेबंदी
तुम्ही हे अजिबात म्हणत नव्हता. पण जोडणी तपासून, मग खात्यात, फक्त खोदाई आणि पाइपापुरती, एवढे असेल तर माझी हरकत नाही. केनिया मात्र पुन्हा काढू नका.

तिरकस तिसवाडकर
तपासायला सल्लागार नेमणार असाल तर आधी सांगा.