मदत हवी आहे: एका दिवसासाठी सुपरकार, जुनी घ्यावी की नवी? (नव्यांत मजाच उरली नाही असं वाटतंय)

सिलिंडर_बारा (धागाकर्ता)
मंडळी, पटकन सल्ला द्या. शुक्रवारपर्यंत आगाऊ पैसे भरायचे आहेत.

जूनमध्ये इटलीत मारानेल्लो-मोडेना भागात, म्हणजे फेरारीच्या गावी जातोय. एक दिवस सुपरकार भाड्याने घेऊन चालवायची हे पक्कं आहे, कोणती ते ठरत नाहीये. मागे दुबईत हजारेक हॉर्सपॉवरची नवी हायब्रिड चालवली होती. नाव लिहीत नाही, भक्त अंगावर येतात. पहिल्यांदा पाय दाबला तेव्हा पोटात खड्डा पडला. अर्ध्या तासाने जांभया. गिअर ती टाकते, घसरली तर ती सावरते, मी आपला आत बसलेला पाहुणा. उतरल्यावर बायकोने विचारलं कशी होती, तर "फास्ट आहे" यापलीकडे सांगण्यासारखं काही सापडेना.

नव्या सुपरकारमधली मजा खरंच गेली आहे, की मलाच कशाचं काही वाटेनासं झालंय? यावेळी जुनी, मॅन्युअल गिअरची बघू का? प्रत्यक्ष चालवलेल्यांनीच लिहा. यूट्यूब मलाही दिसतं.

डिझेलदादा
बजेट किती? लायसन कुठलं? गाडी रस्त्यावर चालवणार की ट्रॅकवर? पूर्ण दिवस की तासभर? घाई तुम्हाला आणि अंदाज आम्ही करायचे.

वळणवेडा
मजा गेली आहे आणि कधी गेली तेही सांगतो. २००९. फेरारीची मधे इंजिन असलेली व्ही-८ (आठ सिलिंडरवाली), जिला क्लच पेडल मिळायचं, ती शेवटची एफ-४३०. त्यानंतर आलेल्या ४५८ला नुसता ड्युअल क्लच, म्हणजे पेडल नाही, गिअर गाडीच बदलते. लॅम्बोर्गिनीचंही तेच: गॅलार्डो मॅन्युअलमध्ये मिळायची, २०१४ची उराकान नाही. ऑडी आर-८च्या पहिल्या पिढीत धातूच्या खाचांमधून खटखट फिरणारा गिअर होता, दुसऱ्या पिढीत गायब.

मग आले टर्बो, इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे. २०१५ला फेरारीची ४८८ आली आणि ४५८चं ९००० आरपीएमपर्यंत किंचाळणं संपलं. २०१८च्या सप्टेंबरपासून युरोपात पेट्रोल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आला, त्याने उरलासुरला आवाज गिळला. आणि आता बॅटऱ्या. लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्तोचं कोरडं वजन (पेट्रोल-पाणी न भरता) १७७२ किलो आहे. सुपरकार म्हणे!

थोडक्यात, मॅन्युअल एफ-४३० किंवा मॅन्युअल गॅलार्डो. दुसरा विचार करू नका.

यंत्रभूषण
वळणवेडा, टर्बोने मजा मारली म्हणता, आणि इथल्या प्रत्येक धाग्यात फेरारी एफ-४०ची आरती तुम्हीच ओवाळता. १९८७च्या एफ-४०मध्ये काय होतं? २.९ लिटर व्ही-८ आणि दोन टर्बो! ४७८ हॉर्सपॉवर, एबीएस नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, दार उघडायला आतून एक वायर. पाय दाबा, काहीच होत नाही, मग एकदम सगळं होतं. तुम्ही ज्याला थरार म्हणता ना, तो त्या काळच्या इंजिनिअरांना न सुटलेला प्रश्न होता. पुढच्यांनी तो सोडवला तर तुम्ही रडताय.

मी वाहन उद्योगात आहे आणि जुन्या गाड्या ट्रॅकवर चालवल्या आहेत. क्लचने मांडी भरून येते, केबिन तापते, चार-पाच फेऱ्यांत ब्रेक दमतात. पोस्टरवर फार छान दिसतात.

वळणवेडा
सुटला नव्हता म्हणूनच माणसाला काहीतरी काम होतं. असेल दोष. मला तो दोषच हवाय.

एसआयपी_वाला
सर, कृपया घाई करू नका. भारतात संपूर्ण तयार आयात केलेल्या गाडीवर ड्यूटी, जीएसटी, रोड टॅक्स मिळून किंमत दुपटीच्या पुढे जाते. शिवाय घसारा. तीच रक्कम इंडेक्स फंडात टाका, गाडी हवी तेव्हा भाड्याने घ्या.

डिझेलदादा
अहो, तो भाड्यानेच घेतोय.

सिलिंडर_बारा
बजेट हजार-बाराशे युरो. रस्त्यावर, घाटात. पूर्ण दिवस मिळाला तर उत्तम. बायको बरोबर असेल. लायसन जर्मन आहे, स्टुटगार्टला राहतो. त्याचा इथे काय संबंध?

हापूस_४२
फेरारीचा विषय निघाला आणि सचिनच्या ३६० मोडेनाचं नाव नाही? ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली म्हणून फियाटने दिली, शूमाकरच्या हस्ते. त्या आयात शुल्काच्या माफीवरून केवढा गदारोळ झाला होता!

तिरकस_आजोबा
शेवटी फियाटनेच पैसे भरले. गाडी नंतर सुरतच्या एका व्यापाऱ्याला विकली. आमच्या वेळी प्रीमियर पद्मिनीच्या पहिल्या गिअरमध्ये खंबाटकी चढताना जो थरार होता तो यांच्या फेरारीत नाही. पुढच्या वळणापर्यंत इंजिन चालू राहील की नाही, हाच थरार.

हापूस_४२
आजोबा, दंडवत.

रात्रपाळी
इथे आवाज गेला म्हणून रडणं चाललंय, म्हणून विचारते. वरळीला राहून बघितलंय का कुणी? कोस्टल रोडवर रात्री ज्या गाड्या उडवतात त्यांचा आवाज दहाव्या मजल्यावर घरात येतो. तुमचा तो फिल्टर अजून दोन-चार लावा म्हणावं.

यंत्रभूषण
रात्रपाळी यांना पूर्ण पाठिंबा. आवाजाचे नियम कडक झाले ते उगाच नाहीत.

वळणवेडा
तिथे जे ऐकू येतं ते बरंचसं बाजारात बसवून घेतलेल्या एक्झॉस्टचं फटफटणं. त्याचा दोष व्ही-१०ला देऊ नका.

म्युनिकचा_मावळा
धागाकर्ते, लायसनचा संबंध आहे, आणि चांगलाच आहे. कार्ड उलटं करा. १२ नंबरच्या रकान्यात 'बी'च्या ओळीत ७८ लिहिलंय का?

सिलिंडर_बारा
हो, आहे. परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली होती. पण पुण्यात कॉलेजपासून मॅन्युअलच चालवत आलोय, लक्ष्मी रोडवर दिवाळीत चालवलीय. मला क्लच शिकवू नका.

म्युनिकचा_मावळा
लक्ष्मी रोड जर्मन सरकार धरत नाही. ७८ म्हणजे फक्त ऑटोमॅटिक, आणि हा कोड सगळ्या युरोपीय संघात एकच. मॅन्युअल फेरारीची किल्ली भाडेवाल्याने दिलीच आणि काही झालं, तर विमा कंपनी हात वर करेल. रक्कम किती असेल ते तुम्हीच ठरवा.

इथे नव्याने आलेल्यांसाठीही लिहून ठेवतो. भारतीय लायसन जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं, मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा परत. ऑटोमॅटिकवर दिली की ७८ चिकटतो. २०२१च्या एप्रिलपासून तो काढायची सोय झाली आहे: ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मॅन्युअलवर ४५ मिनिटांचे किमान दहा तास, मग त्यांचीच छोटी चाचणी, आणि कार्डावर ७८च्या जागी १९७ येतो. सरकारी परीक्षा नाही. पण शाळेत जागा मिळून नवं कार्ड जूनपर्यंत हातात पडेल याच्या भरवशावर शुक्रवारी पैसे भरू नका.

डिझेलदादा
म्हणून पहिल्याच प्रतिसादात लायसन विचारलं होतं.

सिलिंडर_बारा
वा! म्हणजे पुन्हा तीच आपोआप चालणारी नवी गाडी घ्यायची. मग जातो कशाला.

अल्पाइन_अल्पसंतुष्ट
अल्पाइन ए-११० घ्या. १.८ लिटर टर्बो, २५२ हॉर्सपॉवर, वजन जेमतेम ११०० किलो, ड्युअल क्लच म्हणजे तुमच्या ७८ला चालेल. घाटात ती जेवढं बोलते तेवढं तुमची हजार हॉर्सपॉवरवाली जन्मात बोलणार नाही. मजा वजनात असते, हॉर्सपॉवरमध्ये नाही, हे मी इथे कित्येकदा लिहिलंय.

वळणवेडा
कित्येकदा लिहिलंय हे खरं. विषय सुपरकारचा आहे.

अल्पाइन_अल्पसंतुष्ट
विषय मजेचा आहे. शीर्षक वाचा.

मीनल_मोडेना
मी इथे मोडेनाजवळ राहते, ऑफिसला जाता-येता या भाड्याच्या लाल गाड्या रोज बघते. तीन गोष्टी सांगते.

मारानेल्लोला म्युझियमच्या आसपास जे टेस्ट ड्राइव्हवाले बसतात ते बहुतेक दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास असं विकतात आणि शेजारी त्यांचा माणूस बसतो. गावात ५०ची मर्यादा, बाहेर ९०. कुठलीही आजची सुपरकार दुसऱ्याच गिअरमध्ये शंभर ओलांडते, म्हणजे तुम्ही दीड गिअरचे पैसे देता. इथे नवी गाडी घेतलीत तर दुबईचंच पुन्हा होणार. पूर्ण दिवस, शेजारी कुणी नको असेल तर आधी लेखी विचारून घ्या. आणि वय, लायसनला किती वर्षं झाली, हे ते विचारणारच.

दुसरं म्हणजे, मॅन्युअल मुळात इथे भाड्याला मी फारशा पाहिलेल्याच नाहीत. ग्राहक जगभरातून येतात, अर्ध्यांना क्लच येत नाही, मालक कशाला जाळून घेईल?

आता तुमच्या कामाचं. युरोपीय नियमात मॅन्युअल गाडी म्हणजे जिला चालकाने दाबायचा क्लच आहे ती. पेडल नसेल तर कायद्याने ती ऑटोमॅटिक, मग आत गिअरबॉक्स कसलाही असो. फेरारीने १९९७मध्ये ३५५ला जो 'एफ-१' गिअरबॉक्स दिला तो आतून साधा मॅन्युअलच होता, एकच क्लच, तो दाबायचं काम फक्त हायड्रॉलिक पंप करतो. ३६०मध्ये तोच प्रकार, एफ-४३०मध्येही. गॅलार्डोतला ई-गिअरही त्याच जातीचा. म्हणजे पॅडलवाली (स्टिअरिंगमागच्या पट्ट्या बोटाने ओढून गिअर बदलायची) एफ-४३० तुम्ही ७८वर चालवू शकता.

आणि ती अजिबात आपोआप चालत नाही. ऑटो मोडमध्ये सोडलीत तर प्रत्येक गिअरला मान पुढे-मागे हलते. नीट चालवायची तर वरचा गिअर टाकताना पाय किंचित उचलावा लागतो, चढावर उभी राहून निघताना क्लच जळू नये म्हणून सांभाळावं लागतं, पार्किंगमध्ये मागे घेताना तर देवाचं नाव. माझ्या नवऱ्याने मित्राची चालवली होती, उतरला तेव्हा शर्ट ओला आणि तोंडभर हसू.

वळणवेडा
मीनलताई, मुद्दा मान्य, पण पॅडल ते पॅडल. डाव्या पायाला काम नाही म्हणजे…

यंत्रभूषण
वळणवेडा, तुमच्या डाव्या पायाने हा माणूस इटालियन पोलिसांच्या हातात सापडेल.

मीनल यांच्या एका गोष्टीत मात्र भर घालतो, कारण नव्या गाड्यांवर अन्याय होतोय. फेरारी २९६ घ्या: तीन लिटर व्ही-६ अधिक मोटर, ८३० हॉर्सपॉवर. तिला ९०च्या रस्त्यावर जोखणं म्हणजे विहिरीत जहाज सोडून ते हलत नाही म्हणणं. ट्रॅकवर न्या, इलेक्ट्रॉनिक्सचा एकेक पदर ढिला करा, मग मजा गेली म्हणा. आणि सगळ्याच कंपन्यांनी सगळं सोडलेलं नाही. मॅक्लारेन अजून हायड्रॉलिक स्टिअरिंग देते, ज्यात रस्ता हाताला जाणवतो. लॅम्बोर्गिनी टेमेरारिओचं व्ही-८ टर्बो आणि हायब्रिड असूनही १०,००० आरपीएमपर्यंत जातं.

वळणवेडा
जातं, पण कुठल्या रस्त्यावर? हेच तर धागाकर्ता सांगतोय. आणि मागणी नाही म्हणू नका. पोर्शेने २०१३ला जीटी-३मधून मॅन्युअल काढला, लोक खवळले. २०१६ला ९११-आर आणली, फक्त मॅन्युअल, फक्त ९९१ गाड्या. लगेच दुसऱ्या बाजारात भाव कुठल्या कुठे गेले. २०१७ला जीटी-३मध्ये मॅन्युअल मुकाट्याने परत. डिझायनर गॉर्डन मरे यांनी १९९२ला मॅक्लारेन एफ-१ ही गाडी दाखवली, १०६ बनल्या. त्याच माणसाने २०२०ला टी-५० काढली: ९८६ किलो, व्ही-१२, १२,१०० आरपीएम, मॅन्युअल, १०० गाड्या. पगानीची उटोपिया मॅन्युअलमध्ये मिळते. मजा संपलेली नाही, ती फक्त कोट्यधीशांसाठी बाजूला काढून ठेवलीय.

यंत्रभूषण
या शेवटच्या वाक्याशी सहमत. तारीख लिहून ठेवा.

एसआयपी_वाला
९११-आरचा परतावा वार्षिक किती टक्के पडला? कुणाकडे आकडे आहेत का?

सिलिंडर_बारा
मीनलताई, मनापासून आभार, हेच हवं होतं. एका भाडेवाल्याशी बोलणं झालं. त्याच्याकडे दोन आहेत: एफ-४३० एफ-१ गिअरवाली आणि ४५८. भाव जवळपास सारखाच, दोन्ही पूर्ण दिवस. कुठली? आणि रस्ता कुठला?

वळणवेडा
एफ-४३०. (जड अंतःकरणाने.)

यंत्रभूषण
४५८. टर्बो नाही, ९००० आरपीएम, ५७० हॉर्सपॉवर, आणि गिअरबॉक्स चालतो. बायको बरोबर आहे, तिच्याही मानेचा विचार करा.

अल्पाइन_अल्पसंतुष्ट
दोन्हीच्या भाड्यात अल्पाइन आठवडाभर मिळेल.

मीनल_मोडेना
तुमची तक्रार "मी पाहुणा होतो" अशी आहे ना? मग ४३०. ४५८ दोघींत चांगली गाडी आहे, पण ती तुमच्या चुका पोटात घालेल.

मारानेल्लोहून सेर्रामाझोनीचा चढ घ्या, फेरारीवाले स्वतः तिथे गाड्या चालवून बघत आलेत. तिथून पाव्हुल्लोमार्गे आबेतोनेच्या खिंडीपर्यंत, उंची १३८८ मीटर. रविवारी नको, सगळा रस्ता मोटरसायकलवाल्यांचा असतो. सकाळी लवकर निघा, गावागावांत कॅमेऱ्यांचे खांब आहेत आणि दंड भाडेवाल्याकडून, त्याचा आकार लावून, स्टुटगार्टला पोचतो. मोडेनाच्या जुन्या गावात गाडी घालू नका, परवान्याशिवाय बंदी आहे आणि तिथेही कॅमेरा आहे.

पैसे भरण्याआधी करारात दोनच गोष्टी बघा: अपघात झाला तर तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार, आणि क्लच विम्यात येतो का. एफ-१ गिअरबॉक्सच्या गाडीत दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा.

सिलिंडर_बारा
क्लच येत नाही म्हणतोय.

मीनल_मोडेना
मग गाडी घेताना क्लच किती टक्के झिजलाय ते विचारा. हा आकडा गाडीच्या कॉम्प्युटरमधून निघतो, वर्कशॉपला जोडून काढतात. लेखी द्या म्हणा. टाळाटाळ केली तर ४५८ घ्या आणि वळणवेडांना सांगू नका.